चादरीतले राघू

आईचा तिच्या धाकट्या भावावर काडीचा विश्वास नव्हता. आजोबांचा, म्हणजे तिच्या अण्णांचा, माग वाटणीत मामानं मोहोळला नेला, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. त्यामुळे आजोबांनी हातानं काढलेलं एक चादरीचं डिझाइन मामानं स्कॅन केलं आणि कुणी न मागता मला त्याची लिंक पाठवली, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आत्ताच बरं सुचलं त्याला?"

मलाही तोच प्रश्न पडला होता. संशय आमच्या रक्तातच आहे. तरी मनातून वाटत होतं, तीच चादर विणून तिच्या हातात ठेवली तर ती एकदा तरी भावाला फोन करील.

मी सोलापुरातल्या एका चादरीच्या कारखान्यात मागासाठी डिझाइनच्या फाईली बनवतो. तिथल्या जुन्या कॉम्प्युटरची डिस्क सदा भरलेली, म्हणून मी फाईल उतरवून ठेवतच नाही. एक कमांड लिहायची, मध्ये उभी रेघ मारायची, की डाउनलोड होणारं चित्र येईल तसं थेट मागाच्या प्रोग्राममध्ये शिरतं. मागं काही उरत नाही. या युक्तीची मला फार घमेंड होती. डिझाइनही काठापासून मध्यापर्यंत अर्धंच काढलेलं असतं. उरलेलं अर्धं प्रोग्राम उलटं करून जोडतो.

मामाच्या लिंकवरून मी तशीच चादर विणून घेतली आणि घरी आणली. आईनं ती पलंगावर पसरली, काठावरून हात फिरवत आणला आणि मधोमध थांबली.

"राघू कुटं हायत?"

"कुठले राघू?"

"मदी दोन राघू हुते. अण्णांनी माज्यासमोर काढलेले. ठेवून घेतले की त्यानं."

माझ्या लगेच लक्षात आलं. नेट मध्येच तुटलं असणार. जेवढं चित्र आलं तेवढंच पुरं समजून प्रोग्रामनं ते उलटं जोडलं, म्हणून चादर कुठूनच अर्धवट दिसत नव्हती. पण आईला दाखवणार काय? आलेली फाईल कुठंच ठेवलेली नव्हती. तिला समजावताना आपण मामाची बाजू सावरतोय, असं माझं मलाच वाटायला लागलं.

दुसऱ्या दिवशी तीच लिंक उघडून फाईल मोबाईलवर उतरवली. अगदी शेवटी राघू होता, उलटं जोडलं की चोचीला चोच लावून दोन होणारा. आईनं चष्मा लावून बराच वेळ बघितलं.

"काल नव्हते, आज आले," ती म्हणाली. "तू बोललास न्हवं त्याला?"

"नाही गं. तुझी शपथ."

"मग पयलं आलेलं दाखव की."

ते माझ्याकडं नव्हतं. मला तिचा राग आला, आणि त्याहून जास्त माझ्या युक्तीचा. तेवढ्यात मामाचाच फोन आला. मी मुद्दाम स्पीकर लावला.

"अक्कानं बगितलं का ते डिझाइन?" तो म्हणाला. आवाज जरा घाबरलेला होता. "मदले राघू वळखले का तिनं?"

मी फोन तिच्यापुढं धरला. तिनं हात पुढं केला नाही.

"बग," ती हळूच मला म्हणाली, "राघूंचंच इचारतोय."