खोक्याबाहेरचं टोक

जगातल्या सगळ्या भानगडींचं मूळ वाईट पॅकिंगमध्ये आहे, असं आमच्या साडूभाऊंचं ठाम मत आहे. जालन्याच्या एमआयडीसीत ते पांढऱ्या धाग्यांचे जुडगे खोक्यांत भरतात. एकेका जुडग्यात केसाहून बारीक असे हजारो तंतू. पुढे दुसऱ्या कारखान्यात ते भट्टीतून जातात आणि त्यांचं काळं कार्बन फायबर होतं. "इमानाला लागतंय," एवढंच सांगून साडूभाऊ आभाळाकडे असे बघतात, की वरचं विमान नुकतंच त्यांच्या खोक्यातून निघालं असावं. जुडगा नागमोडी, थरावर थर घालायचा, पीळ पडू द्यायचा नाही आणि तळाशी गेलेलं पहिलं टोक कडेने वर काढून खोक्याबाहेर लोंबतं ठेवायचं. खोकं संपत आलं की त्याच टोकाला पुढच्या खोक्यातला धागा जोडतात, म्हणजे भट्टी थांबत नाही.

हे सगळं त्यांनी कारखान्यातच ठेवलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण घरातली सुतळी, चार्जरच्या वायरी, मेव्हणीच्या साड्या, सगळं नागमोडी आणि सगळ्यांची टोकं बाहेर. त्यांचं कपाट उघडलं की दहा-बारा पदर एकदम आपलं स्वागत करतात. वडीगोद्रीच्या एका लग्नात तर त्यांनी मुहूर्ताच्या तोंडावर नवरदेवाचा फेटा सोडला. "पीळ बसलाय हो याला, बिलकुल चालणार न्हाई!" फेट्याला पीळ नसेल तर तो डोक्यावर कसा राहणार, हे मुलीच्या मामांनी त्यांना ज्या शब्दांत समजावलं, ते इथे लिहिता येत नाहीत. साडूभाऊ मात्र शांतपणे फेट्याचे थर लावत होते आणि बोडका नवरदेव हताशपणे बघत होता.

अशा माणसाची एकुलती एक लेक, आमची कोमल, इंजिनिअर झाली आणि नोकरीसाठी चेन्नईला निघाली. तिने आपल्याच कारखान्यात लागावं, असा साडूभाऊंचा बेत होता. त्यांनी अबोला धरला. महिनाभर बाप-लेकीत शब्द नाही. मेव्हणी रडून थकली. कोमल अशीच गेली तर हा दुरावा कायमचा राहील, ही भीती आम्हा सगळ्यांनाच होती.

बॅग मात्र त्यांनीच भरली, दुसऱ्या कुणाला हातही लावू दिला नाही. स्टेशनवर मी बघतो, तर मेव्हणीच्या जुन्या सुती साडीचा पदर बॅगेच्या चेनमधून बाहेर लोंबत होता. मी तो आत सारायला गेलो, तर त्यांनी माझा हात धरला. "ऱ्हाऊ द्या. टोक आत गेल्यावर मंग पुढचं कशाला जोडाव?"

कोमलने ते ऐकलं. तिने गळ्यातली ओढणी काढली आणि तिचं टोक त्या पदराला बांधलं. साडूभाऊंनी गाठीकडे पाहिलं. त्यांना राहवेना. "ही काय गाठ झाली? केवढी जाड! भट्टीत अडकंल ना!" महिन्याभरानंतर लेकीशी बोललेलं हे पहिलं वाक्य. त्यांनी गाठ सोडली, खाली बसून पुन्हा चापून बांधली आणि म्हणाले, "पोचली की जल्दी फोन कर."

गाडी गेली. मला एकदम भरून आलं होतं. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "गाठ मस्त बसली हो, साडूभाऊ."

"कुठं बसली?" रुळांवरची नजर न काढता ते म्हणाले. "हात थरथरून राह्यल्ता."