वरमाय बसेना

पाथर्डीकडच्या त्या कोरडवाहू गावात आक्काबाईचा ताठा सगळ्यांना माहीत होता. बाई ताठ चालायची, तोंडावर बोलायची आणि कुणाच्या दारात काही मागायला कधी उभी राहायची नाही. वीस एकरांच्या मालकिणीला ते शोभतही होतं.

बहात्तरच्या दुष्काळात तिची विहीर आटली, दावणीची जनावरं हाडांवर आली. गावातल्या बाया सरकारी बांधाच्या कामावर जाऊ लागल्या. आक्काबाईला गावासमोर टोपलं उचलायची लाज वाटली. बहिणीच्या बाळंतपणाला जाते असं तिनं गावाला सांगितलं आणि नवरा रंभाजी नको नको म्हणत असताना चार गावं पलीकडच्या रस्त्यावर खडी फोडायला बसली. तिथं एक दिवस वरून धोंडा सुटला तो गुडघ्यावर. हाड जुळलं, पण गुडघा वाकायचा कायमचा थांबला.

घरी आल्यावर तिनं गुडघ्याचं नावही काढलं नाही. पायाचं निघालं की खडीचं निघणार, ही धास्ती. लंगडणं दिसू नये म्हणून ती आणखी सावकाश, आणखी ताठ चालू लागली. मुलगा लग्नाचा झाला तसा बाईचा तोरा वाढला, असंच कुणीही म्हणालं असतं. कुठल्याही लग्नात पंगत बसली की आक्काबाईला नेमका उपास निघायचा.

पण चौऱ्याहत्तरच्या वैशाखात लग्न तिच्याच गोरक्षचं होतं, आणि वरमायला कसला आलाय उपास?

लग्न मुलीच्या गावी, पाटपाण्याच्या राहुरीकडं होतं. अक्षता पडल्या, पंगत मांडली. मधोमध वरमायचा पाट, भोवती रांगोळी, समोर उदबत्ती. वरमायनं पहिला घास घेतल्याशिवाय वऱ्हाडानं पत्रावळीला हात लावायचा नाही, ही रीत. आक्काबाई पाटाजवळ आली आणि उभीच राहिली.

आता वरमाय बसत नाही म्हणजे ती रुसली, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. बायकांनी एकमेकींना कोपरानं ढोसलं. मुलीची आई बनुबाई लगबगीनं साडी घेऊन आली. आक्काबाईनं मान हलवली. मग त्याहून भारी साडी आली. तिनं पुन्हा मान हलवली. तेव्हा बनुबाईनं स्वतःच्या नाकातल्या नथीला हात घातला.

"नगं वो विहीनबाई, खरंच काई नगं," आक्काबाई म्हणाली.

अशा वेळी 'काही नको' म्हणणारी वरमायच सगळ्यांत महाग पडते, हा अनुभव मांडवातल्या प्रत्येकाच्या गाठीशी होता. वऱ्हाड हात आखडून बसलं होतं, बुंदीवर माश्या घोंगावत होत्या आणि वाढपी कुरकुरायला लागले होते.

शेवटी मुलीचा बाप आप्पासाहेब पुढं आला. मोठा बागाईतदार, पंचक्रोशीत शब्दाला वजन असलेला माणूस. त्यानं डोक्यावरचा फेटा उतरवला आणि आक्काबाईच्या पायांवर ठेवायला वाकला. मागं नवरी उभी होती, राही. बापाचं उघडं डोकं तिनं बघितलं आणि मग सासूकडं बघितलं. त्या नजरेत जन्मभर पुरेल एवढा राग होता. आक्काबाईला कळून चुकलं, आज गुडघा झाकला तर सून हातची गेली.

तिनं फेटा वरच्या वर धरला.

"बांधा तो डोक्याला," ती मांडवाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "मी रुसले न्हाई. माजा गुडगा वाकत न्हाई, मला खाली बसता येत न्हाई. दुष्काळात मी खडी फोडायला गेल्ते, तिथं धोंडा पडला. लोकांना कळू नये म्हनून गप हुते."

पहिला कोण हसतो ते आक्काबाई मान वर ठेवून बघत होती. कुणीच हसलं नाही. तिच्या गावच्या बायांनी नजरा खाली घातल्या. अखेर तिचा चुलतदीर सूर्यभान खाकरला.

"वैनी, आमाला ठावं हाय. शेजारच्या कडूबाईचा भाऊच तिथं मुकादम हुता."

"मंग कुनी बोललं कसं न्हाई?"

"तुमी झाकत हुता," सूर्यभान म्हणाला, "मंग आमी बी झाकलं."

आक्काबाईचे डोळे भरून आले. ज्या गावापासून ती एवढे दिवस पाय लपवत होती, ते गावच तिची अब्रू राखत आलं होतं.

तेवढ्यात राही वळली. शेल्याला उपरण्याची गाठ तशीच होती, तेव्हा गोरक्षलाही मागोमाग जावं लागलं. दोघं घरातून बाज उचलून घेऊन आले आणि ती रांगोळीवरच ठेवली.

"बसा आत्याबाई," राही म्हणाली. "पाय लांब करा. हितं कुनी परकं न्हाई."

आक्काबाई बसली.