चार वाजताचा सूर्योदय

अख्ख्या रायपुरात अशी भिंत नसेल जिच्यावर आमच्या भाऊजींनी तळहात ठेवून पाहिलेला नाही. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. वैद्य नाडी पाहतो तशी ते भिंत पाहतात. कुणाच्याही घरी गेले की चपला बाहेर, हात भिंतीवर, डोळे मिटलेले. यजमान पाण्याचा पेला पुढे धरून उभे, आणि भाऊजींचं निदान चालू: "हे भिंत रात्री जेवणं होईपर्यंत तापून राहीन. पलंग इकडून काढा." पेला नंतर. मग ते घरात सर्वांत गार जागा कुठली ते शोधतात आणि सापडली की तिथं चक्क आडवे होतात. माझ्या पुतण्यासाठी पुरानी बस्तीत मुलगी पाहायला गेलो होतो, तेव्हा पोहे आले, मुलगी आली, आणि भाऊजी नाहीत. शोधलं तर पुढच्या नि मागच्या खोलीमधल्या अरुंद बोळात फरशीवर पडलेले. मुलीचे वडील घाबरले. "काकाजी, तबियत बरी आहे ना?" भाऊजी पडल्या पडल्याच म्हणाले, "तबियत झकास हाय. तुमच्या आजोबानं हा बोळ इथंच काहून ठेवला, ते सांगा." वडिलांना आयुष्यात हा प्रश्न पडला नव्हता. तेही खाली बसले, मग मुलीचे काका बसले. सोयरीक जमली, पण देण्याघेण्याची सगळी बोलणी त्या बोळातच झाली.

त्यांच्या खिशात पेनाशेजारी उदबत्ती असते. धूर कुठून आत येतो, कुठं रेंगाळतो, कुठून बाहेर पडतो यावरून त्यांना वारा दिसतो. ओळखीच्या एकांनी नवा फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला भाऊजी पेटलेली उदबत्ती घेऊन खोल्याखोल्यांतून फिरले आणि बाथरूममध्ये बराच वेळ थांबले. मागं दोन बायका हात जोडून उभ्या राहिल्या. आपल्या पोटावर पाय द्यायला हे दुसरे कोण आले, असा चेहरा करून गुरुजी पाहत होते. शेवटी भाऊजींनी घरमालकाला बाजूला घेतलं. "धूर जागचा हालत नाई. तुम्ही इथं मिरचीची फोडणी दिली तर ते पुढच्या रविवारपर्यंत पाहुणी राहीन." ताईनं त्यांना तिथून उचललं आणि रिक्षात बसवलं. तेव्हापासून कुठल्याही समारंभाला निघताना ज्या गोष्टी मी तपासते, त्यांत आहेराच्या पाकिटाखालोखाल भाऊजींचा खिसा असतो.

इतकं वाचून कुणाला वाटेल की हे जुन्याचे भक्त. मुळीच नाही. जुन्या घरांना त्यांच्याइतक्या शिव्या कुणी दिलेल्या मी ऐकल्या नाहीत. काळोख्या स्वयंपाकघरात बायांचे डोळे गेले, बुटक्या चौकटींनी पिढ्यान्‌पिढ्या कपाळं फोडली, कौलांत साप निघाले, सगळं त्यांना पाठ. मी एकदा म्हटलं, "आपले पूर्वज किती शहाणे होते नाही, भाऊजी?" तर म्हणाले, "शहाणे कायचे, मॅनेजरबाई. उकडत होतं त्यायले." मॅनेजरबाई म्हणजे मी, कारण घरातलं कुठलंही कार्य असलं की याद्या माझ्याकडे असतात. "जुनं हाय म्हणून पाया पडू नका. इतकी वर्षं टिकलं काहून, ते इचारा. उत्तर भेटलं तं घ्या, नाई भेटलं तं सोडा." मग पुरानी बस्तीतल्या एखाद्या गल्लीत उभं करून दाखवायचे: घरं इतकी जवळ का, तर सकाळी हे घर त्याला सावली देतं आणि दुपारी ते याला. "उसनी सावली. साखर परत करा लागते, हे नाई." भिंतीत वर, छताला लागून भोकं का, तर गरम हवा वर चढते आणि तिला दार दाखवावं लागतं. मीही आता कुणाकडे गेले की नकळत वर पाहते.

हे वेड कुठून आलं, त्याचं उत्तर ताईजवळ आहे आणि ती ते पाहुण्यांसमोर देते. भाऊजी सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. सबंध नोकरीभर त्यांनी एकच दोन खोल्यांचा क्वार्टर काढला. नमुना वरून ठरून आलेला. रस्ता जिकडे, क्वार्टरचं तोंड तिकडे. सूर्य कुठून येतो हे विचारायचा रकानाच कागदात नव्हता. मग बदली होऊन ते इथं आले आणि त्यातलाच एक क्वार्टर त्यांना राहायला मिळाला, पश्चिमेला तोंड असलेला. त्यात ताईनं दोन मुलींची बाळंतपणं काढली, दोन्ही वैशाखातली. "ज्या भट्टीत मी भाजली, ते यायनंच काढली," असं ताई चहा देता देता सांगायची. पाहुणे हसायचे. भाऊजीही हसायचे, पण कप हातात घेऊन भिंतीकडे जायचे.

म्हणून रायपूरबाहेर वसवल्या जाणाऱ्या नव्या राजधानीत सोडतीत प्लॉट लागला तेव्हा त्यांच्यासाठी ते नुसतं घर नव्हतं. ताईनं मात्र अट घातली. धाकट्या लेकीचा शहरात, शंकर नगरात फ्लॅट होता, चौथ्या मजल्यावर, एसी लावलेला, आणि ती नोकरीसाठी पुण्यात असल्यामुळे रिकामा. "एक उन्हाळा. एसी न लावता माझा एक उन्हाळा निघाला तुमच्या घरात, तं मरेपर्यंत तिथंच राहीन. नाई निघाला तं शंकर नगर. मंग कटकट नाई." भाऊजी म्हणाले, "मंजूर." लगेच त्यांनी प्लॉटवर बाज नेऊन टाकली आणि त्या वर्षीच्या दुपारी तिथं छत्री धरून काढल्या. तेव्हा तिकडे माणूस दिसायचा नाही. रस्ते इतके रुंद की पलीकडच्याला हाक मारण्यापेक्षा पत्र टाकलेलं बरं, झाडं गुडघ्याएवढी, आणि मधोमध बाजेवर आमचे भाऊजी. गस्तीच्या जीपमधले पोलीस दोनदा विचारून गेले, तिसऱ्यांदा त्यांनी कलिंगड आणून दिलं.

घर बांधताना ठेकेदाराची आणि त्यांची रोज जुंपायची. रस्ता पश्चिमेला आणि भाऊजींनी पश्चिमेला एकही खिडकी ठेवली नाही. तिकडे जिना, कोठीची खोली, न्हाणी, आणि दुहेरी भिंत, मध्ये पोकळी. ठेकेदार कळवळून म्हणाला, "काकाजी, रोड पे एक भी खिड़की नहीं? एलिवेशन क्या दिखेगा?" भाऊजी म्हणाले, "एलिवेशन रोडवाले देखेंगे. रहना मेरी मैडम को है." स्लॅबवर कौलं चढली, छताला लागून झरोके आले आणि पूर्वेला आली लांबरुंद ओसरी, उतरत्या छपराची, दुपार झाली की पूर्ण सावलीतली. सगळं घर त्या ओसरीसाठी होतं. रस्त्यावरून ते गोदामासारखं दिसायचं. कुरियरवाला दोनदा परत गेला. ओसरीसमोर, पूर्वेच्या मोठ्या प्लॉटवर, कुठल्याशा कंपनीच्या ऑफिसचा सांगाडा उभा राहत होता. मी म्हटलं, "भाऊजी, हे तुमचा वारा अडवणार." ते म्हणाले, "वारा बाजूनं येते. सकाळचं ऊन मात्र हे अडवीन. चांगला शेजार हाय." मजुरांना त्यांनी माठभर पाणीही ठेवलं.

उन्हाळा आला. चैत्रभर ताई दुपारची ओसरीवर सतरंजी टाकून घोरत होती. फोनवर मी विचारलं, "कसं आहे?" तर म्हणाली, "बरं हाय." ताईच्या तोंडून 'बरं हाय' म्हणजे इतरांच्या तोंडून पोवाडा. भाऊजींनी तो शब्द मला तीनदा सांगितला. अक्षय तृतीयेला, म्हणजे इकडच्या अक्तीला, मी पुरणपोळ्या घेऊन गेले. जेवण करून आम्ही दोघी बहिणी ओसरीवर आडव्या झालो. समोरच्या सांगाड्याला त्याच आठवड्यात वरपासून खालपर्यंत आरसेवजा काच बसली होती. चारच्या सुमाराला माझ्या डोळ्यांवर लख्ख ऊन आलं. ताई उठून बसली, पूर्वेकडे पाहिलं आणि आत हाक मारली, "अहो, उठा. सकाळ झाली."

भाऊजी बाहेर आले. पश्चिमेचा सूर्य समोरच्या काचेवर आपटून पूर्वेकडून आमच्या ओसरीवर उगवला होता. त्यांनी घड्याळ पाहिलं, मागं वळून खरा सूर्य पाहिला, मग खोटा. मला वाटलं आता हे खचणार. तर त्यांच्या चेहऱ्यावर असं कुतूहल की पाहत राहावं. "मॅनेजरबाई, हे कोण्याच जुन्या घरात नाई लिहिलं. त्यायच्याकडे एकच सूर्य होता." आणि खडू आणून उन्हाची कड जसजशी सरकेल तशी फरशीवर रेघा ओढायला बसले. ताई म्हणाली, "मी भाजून राहिली अन् हे रांगोळी काढून राहिले."

दुसऱ्या दिवशी ते त्या ऑफिसात गेले. भांडायला नाही, विचारायला. तिथल्या साहेबांनी खुर्ची दिली, थंड पाणी दिलं आणि अभिमानानं सांगितलं, "अंकल, इस काँच की यही तो खूबी है। पूरी गर्मी बाहर फेंक देता है." भाऊजी म्हणाले, "बाहर मतलब मेरे घर में." साहेबांनी उठून खिडकीतून पाहिलं. माणूस भला होता, खरंच वाईट वाटलं त्याला. पण काच काही त्यानं बसवली नव्हती. भाऊजी आतल्या गारठ्यानं शिंकत घरी आले.

मग त्यांनी ओसरीला बांबूच्या चिका, म्हणजे काड्यांचे पडदे टांगले, ते तापून खोल्यांत धग आणू लागले. ओसरीपुढे मांडव घालून तोंडलीचे वेल लावले, पण वेलाला पावसाळा लागतो आणि ताईचा उन्हाळा तोवर थांबणार नव्हता. एका संध्याकाळी तिला ओसरीवर भोवळ आली. मी पोहोचले तेव्हा ती खाटेवर होती, कपाळावर ओला पंचा, आणि भाऊजी तिचे कपडे बॅगेत भरत होते. ताईच म्हणाली, "आठ दिवस अजून पाहू ना. पाणी पडते आता." भाऊजी घडी घालता घालता म्हणाले, "नाई. माझ्या नकाशापाई एकदा भाजली तू, तेवढं पुरे. चाल. हारलो मी." त्यांना इतक्या कमी शब्दांत बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. ताईनं वाद घातला नाही, पण दार ओढताना तिनं मांडवाला पाणी घातलं का, हे विचारलं.

घर पुढे भाड्यानं गेलं. राहायला आलेलं जोडपं तरुण, मुलगी धमतरीकडची आणि नोकरीला नेमकी त्या काचेच्या इमारतीत. या वैशाखात मी शंकर नगरला गेले होते. दुपारची वेळ, एसी चालू, ताई डोळे मिटून पडलेली, आणि भाऊजींनी त्या मुलीला फोन लावलेला. तो ते हल्ली लावतातच. तिलाही त्याची सवय झाली आहे.

"अंकल, मांडव पूरा भर गया है," ती सांगत होती. "चार बजे धूप आती है, पर हरी-हरी, छनके. ऑफिस में तो स्वेटर पहनना पड़ता है, घर आके उतारती हूँ."

"और हवा?"

"हवा भी."

ताई डोळे न उघडता म्हणाली, "दुपारची निजते का ते ओसरीवर, इचारा."

भाऊजींनी विचारलं. "हव अंकल," तिनं तिकडच्या बोलीत हो म्हटलं, "इतवार को तो माँ-बाबूजी का फोन भी नहीं उठाती."

त्यांनी फोन ठेवला. ताई म्हणाली, "तोंडली लागली असतीन." ते म्हणाले, "लागली असतीन." "मंग एखाद्या दिवशी जाऊन घेऊन येऊ." "जाऊ," भाऊजी म्हणाले आणि आणखी काही सांगायला तिच्याकडे वळले, तर ताईचा डोळा लागला होता. त्यांनी तिच्या पायांवर चादर ओढली, रिमोट शोधून एसीची झडप जरा वर केली, वारा थेट तिच्या अंगावर येऊ नये म्हणून, आणि खुर्ची आवाज न करता मागं सरकवून बसून राहिले.