क्लिफर्डची कॅरॅव्हॅन

गाडीमागे जोडलेली कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, रिव्हर्स घेऊन जागेवर सरळ लावणं क्लिफर्डला वीस वर्षांत एकदाही जमलं नव्हतं. इंग्लंडमधल्या व्हिटबी गावाजवळच्या समुद्रकाठच्या कॅरॅव्हॅन-तळावर तो सुट्टीला पोचला की शेजारी खुर्च्या टाकून, चहाचे कप घेऊन गंमत बघायला बसायचे. "डावीकडे घे, क्लिफ. अरे, तुझ्या डावीकडे," असं शेजारचा बर्ट बसल्या जागेवरून सांगायचा.

यंदा सकाळी पोचताना क्लिफर्डची बायको एनिड गावातच उतरली आणि एकशे नव्याण्णव पायऱ्या चढून तिने चर्चमध्ये त्याच्यासाठी प्रार्थना केली. देवाने ऐकलं. कॅरॅव्हॅन एका दमात, पट्टीने आखल्यासारखी आत गेली. पण सगळा तळ तेव्हा बंदरावर होड्यांची शर्यत बघायला गेला होता.

संध्याकाळी बर्टने विचारलं, "कुणाकडून लावून घेतलीस रे?"

क्लिफर्डच्या ते फार जिव्हारी लागलं. "आत्ता दाखवतो," म्हणत त्याने लावलेली कॅरॅव्हॅन पुन्हा बाहेर काढली. खुर्च्या आल्या, चहा आला. पाचव्या खेपेला कॅरॅव्हॅनच्या धक्क्याने पाण्याचा नळ आडवा झाला आणि कारंजं उडालं.

"बघ, सकाळी दुसऱ्याच कुणीतरी लावली होती," बर्ट म्हणाला.

"हो ना," एनिड भिजलेली खुर्ची पुसत म्हणाली, "देवाने."