आत्याच्या हातातला पाय

हात लागला म्हणून लोकांची माफी मागणारी बाई अख्ख्या बऱ्हाणपुरात एकच, आणि ती माझी आत्या. खिडकीची काच फुटून तिचं उजवं मनगट चिरलं, आतली नस तुटली. इंदूरच्या डॉक्टरांनी तिच्या पोटरीतून स्पर्शाची एक बारीक नस काढली आणि मनगटातल्या तुटक्या टोकांमध्ये जोडली. पायाची बाहेरची कड तेवढी बधिर राहील, म्हणाले. बोटांना स्पर्श परत यायला वर्ष-दीड वर्ष लागेल, कदाचित पुरता येणारही नाही. आत्याने यातलं एकच ऐकलं, की पाय हातात गेला.

झालं. तेव्हापासून तिचा उजवा हात कोणाला लागला की ती डाव्या हाताने त्याला शिवून नमस्कार करायची, आपण पाय लागल्यावर करतो तसा. भाजीवाल्याला नमस्कार, बसच्या कंडक्टरला नमस्कार. तो बिचारा घाबरून तिला पुढची सीट द्यायचा. देवाचं तर फारच अवघड झालं. नैवेद्य डाव्या हाताने चालत नाही, आणि उजवा म्हणजे पाय. शेवटी आतोबांना बसवलं. ते देवाला ताट दाखवायच्या आधी वरणात मीठ बरोबर आहे ना, ते चाखून घ्यायचे. डॉक्टरांनी तिला समजावलं, "माताजी, पैर की नस तो बस नली है. अंदर से बढ़ेगी हाथ की ही नस." आत्याचं सासर शाहपूरचं, केळीवाल्यांचं. ती म्हणाली, "साहेब, ठिबक की नली कोई गटार में से निकालके लाए, तो उसका पानी आप पिओगे क्या?" डॉक्टर पुढचा पेशंट बघायला लागले.

त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिने मांडे केले नाहीत. मांडा हातांवर फिरवत पसरवायचा, आणि कुठे फाटायला आलाय ते बोटांनी ओळखायचं, मग खापरावर टाकायचा. त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. "पायाने मळलेलं खाणार का रे तुम्ही?" म्हणून तिने आम्हाला उडवून लावलं. आम्ही हसलो. मग एका दुपारी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, तर ही डोळे मिटून बसलेली. पुढे तुरीची डाळ आणि हरभऱ्याची डाळ, दोन वाट्या. डाव्या हाताने वाट्यांची अदलाबदल करायची, उजव्या बोटांनी चिमूट उचलायची, डाळीचं नाव सांगायची, डोळे उघडून बघायची. चारदा चुकली. मी तसाच मागे फिरलो. सोवळ्याचं नुसतं निमित्त होतं. बोटांना काही कळत नाही हे तिला कोणाला कळू द्यायचं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि हसल्याची लाजही वाटली.

पुढच्या वर्षी दिवाळीला गेलो होतो. निघताना पाया पडायला वाकलो. आशीर्वाद ती डाव्याच हाताने द्यायची. त्या दिवशी डाव्या हातात माझ्यासाठी बांधलेला डबा होता, म्हणून उजवा पडला. पडला तो तिथेच राहिला. बोटं हळूहळू केसांतून फिरली, भोवऱ्यापाशी थांबली.

"केस पातळ झाले रे तुझे," आत्या म्हणाली. "दादाचेही इथूनच जायला लागले होते. मी तेल लावायची ना, कळायचं."

दादा म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी वाकलेलाच राहिलो. तिने डबा खाली ठेवला आणि सवयीने डाव्या हाताने मला नमस्कार करायला गेली, तर मी तो हात धरून ठेवला.