दुधाचा दात

ईदच्या आधी मुर्तिनीच्या बोकडाच्या तोंडात सगळ्या गल्लीने डोकावून घेतलं होतं. समोरचे दुधाचे दात पडल्याशिवाय बोकड कुर्बानीला चालत नाही, आणि याचे दात हलायचं नाव घेत नव्हते.

मुर्तिनी आंबवलेल्या सोयाबीनचं तेंपे केळीच्या पानात बांधून विकायची. लग्न होऊन जावा बेटावरच्या या गावात आली तेव्हापासून दर ईदला मशिदीतून तिच्या दारी मटणाची पुडी यायची. ती आनंदाने घ्यायचीही. पण नवरा गेल्यावर तिच्या मनाने घेतलं, एकदा तरी पुडी आपल्या घरातून बाहेर जावी. म्हणून हे करडू तिने फणसाचा पाला घालून वाढवलं.

ईदच्या सकाळी मशिदीचं सगळं बघणाऱ्या पाक तोहिरनी बोकडाचा ओठ खाली ओढला. "मुर्तिनी, हा अजून बाळ आहे. पुढच्या वर्षी बघू."

शेजारची सुतियेम कानाशी लागली, "पकडीने उपट की गं. कोण बघायला येतंय?"

"ज्याच्यासाठी देतेय तो बघतोय ना. आणि बिचाऱ्याला दुखेल ते वेगळंच."

"आज सुरी फिरणार, आणि हिला दातदुखी सुचतेय."

मुर्तिनीला हसू आलं, पण डोळेही पुसावे लागले.

त्या संध्याकाळी पुडी दारी आलीच. पण ईदनंतर तीन दिवस कुर्बानी चालते, एवढ्यावर ती तग धरून होती. तिसऱ्या दुपारी कसाव्याचा दांडा चावता चावता बोकड थबकला, मान झटकली. पाल्यावर तांदळाएवढा दात पडला होता, शेजारचाही लोंबत होता. चुलीवरचं सोयाबीन तसंच टाकून ती बोकडाला घेऊन अनवाणी निघाली.

पाक तोहिर जेवणावरून उठून आले. तोंडात बराच वेळ बघितलं, मग हसले. सूर्य मावळायला अजून अवकाश आहे, म्हणाले. कोणाच्या नावाने, असं रीतीप्रमाणे विचारलं, आणि तिने सांगितल्यावर मोठ्याने म्हणाले, "कासानची मुलगी मुर्तिनी, हिच्याकडून." तिने बोकडाच्या मानेवरून हात फिरवला, दोर त्यांच्या हाती दिला. तोंड मात्र फिरवलं नाही.

दिवेलागणीला सागाच्या पानांतल्या पुड्या घेऊन ती दारोदार फिरली. सुतियेमने पुडी दोन्ही हातांनी घेतली, आत ये म्हणाली, चहा टाकते म्हणाली.

"नको गं, अजून बरीच घरं राहिलीत," मुर्तिनी म्हणाली, दरवर्षीचीच धावपळ असल्यासारखी, आणि पुढच्या दाराकडे वळली.