शशीकाकाच्या अंगाची बैठक

चारही चाकं अंगाबाहेर पसरून विटांवर टेकलेली, एकाच माणसापुरती ती गाडी डोळे मिटले की अजून दिसते... डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शेडमध्ये, पत्र्याच्या भोकांतून गळणाऱ्या उन्हाचे ठिपके अंगावर घेऊन बसलेली. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. बाबा आठवडाभर कारखान्यांसाठी सुटे भाग बनवत आणि रविवारी शर्यतीची ही गाडी. वेल्डिंगचा करपट वास, फायबरच्या रसायनाचा गोडसर, डोक्यात भिनणारा दर्प, वाऱ्याबरोबर येणारी कारखान्यांची आंबूस हवा — नऊ वर्षांची मी त्या गंधांतच वाढत होते.

गाडी चालवायचा शशीकाका, बाबांचा कोपरीला राहणारा मित्र. दोघांचं सारं वैर वजनाशी. नळ्यांचा सांगाडा तोलायचा, एखादी जाड नळी काढून बारीक घालायची, पुन्हा तोलायचा. त्या हिवाळ्यात बाबांनी मागे अॅल्युमिनियमचा पंख बसवला. विमानाचा पंख विमानाला उचलतो. हा उलटा, गाडीला जमिनीवर दाबून धरणारा — वळणावर ती घसरू नये म्हणून. वसाहतीच्या रिकाम्या, अर्धवट रस्त्यावर पहिली फेरी मारून शशीकाका हसतच थांबला.

"अरे, वळणावर पेडलवरून पाय काढावाच लागत नाही!"

"मग चाकं धरणाऱ्या दांड्यांवर जोर वाढला असणार," बाबा म्हणाले. "त्या जाड करतो. आज पुरे."

"एकच फेरी रे."

"काका, अजून एकदा!" मी ओरडले. बाबांनी अडवलं नाही. त्यांनाही पाहायचंच होतं...

गाडीचा आवाज चढत गेला, वळणापाशी क्षणभर थरथरला आणि तुटला. मागच्या चाकाच्या दांडीचा जोड सुटला होता. शशीकाका तिथेच गेला.

तेराव्यानंतर त्याची आई शेडमध्ये आली; बाबा तिला काकू म्हणत. मोडक्या गाडीत वाकून पाहत राहिली. अशा गाडीची बैठक चालकाच्या अंगावरच बेतून ओततात; पाठीचा बाक, खांद्यांचा उतार, उजवीकडे किंचित कललेली कंबर — सारा शशीकाका त्या पोकळीत होता. काकूंनी आत हात घालून ते खांदे कुरवाळले.

"काय तुटलं रे?"

"जोड. माझ्या हातचा. दांड्या जाड करायला हव्यात, हे कळत होतं काकू. तरी जाऊ दिलं मी त्याला."

मी ओरडले होते, हे बाबांनी सांगितलं नाही. तेव्हाही नाही, कधीच नाही.

काकूंनी बैठकीवरची धूळ पदरानं पुसली. मग म्हणाल्या, "एवढी मला दे."

बाबांनी बोल्ट सोडवले. बैठक मांडीवर घेऊन त्या रिक्षात बसल्या.

उरलेली गाडी बाबांनी स्वतः कापली आणि दर रविवारी कोपरीला जाऊ लागले. कित्येक महिने काकूंनी दार उघडलं नाही. तासभर पायरीवर बसून ते परतत. एका दुपारी काकू दारात आल्या. "आत ये. एकटीला जेवण जात नाही." त्या दिवशी घरी परतलेले बाबा आईला एवढंच सांगू शकले, "काकूंनी वाढलं मला..."

आता बाबाही नाहीत, काकूही नाहीत. शेडच्या जागी इमारत आहे, त्या वळणावर दिवसभर रिक्षांची रांग असते. ते वळण येण्याआधी मी आजही रस्ता ओलांडते आणि पलीकडच्या कडेनं चालते.